प्रेमलाबाईंची निवृत्तीची तारीख

सोमवार, १७ मार्च २०२५. सकाळी पाणी उशिरा आले. डोळ्यांचे थेंब आणले. दुपारी चार वाजता प्रेमला धनकवडे आली, चिडलेली. चहाला नाही म्हणाली. तिने चहाला नाही म्हटल्याची माझ्या वहीतली ही पहिलीच नोंद.

ती माझ्यावर चिडली होती आणि कारण रास्त होते.

प्रेमला चौसष्ट वर्षांची. बिबवेवाडीत आमची सोसायटी जिथे उभी आहे, तिथे पूर्वी तिच्या सासरची कोथिंबीर व्हायची. सोसायटीमागच्या खासगी बालवाडीत ती छत्तीस वर्षे लहान गट सांभाळते आहे. सरकारी शाळेत वय झाले की घरी पाठवतात. इथे तसा नियम नाही. कधी थांबायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. गेली सहा वर्षे प्रेमला दर मार्चमध्ये निवृत्तीचे पत्र इंग्रजीत लिहिते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून तपासायला माझ्याकडे आणते, आणि जूनमध्ये पुन्हा शाळेच्या दारात दिसते. असे का, हे मी कधी विचारले नव्हते. पुण्यात शेजाऱ्यांना असे प्रश्न विचारत नाहीत, मनात ठेवतात.

यंदा तिचा उजवा अंगठा दारात चेमटला होता, म्हणून पक्की प्रत मीच लिहिली. कोणत्या तारखेपासून मोकळे करावे, ती जागा तिच्या कच्च्या कागदावर नेहमीप्रमाणे कोरी होती; दरवर्षी पक्क्या प्रतीत ती घालत असेल, असे मी धरून चालले होते. तारीख नसलेला कागद म्हणजे रद्दी, असे आम्हाला सिस्टर शिकवत. शाळा ३० एप्रिलला संपते हे मला ठाऊक होते. मी तीच तारीख घालून टाकली. तिने चष्म्याशिवाय, डाव्या हाताने सही केली. आठवड्याने नव्या मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडमनी तिला बोलावून सांगितले, "पत्र मंजूर."

"काकू, तारीख घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"जागा रिकामी होती."

"रिकामी दिसली म्हणून? सहा वर्षं मी ती मुद्दाम रिकामी ठेवते! आधीच्या मॅडम पत्र ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. मनात येईल त्या दिवशी तारीख घालायची नि निघायचं, असं आमचं ठरलेलं."

"मग कधी घातली का नाहीस?"

"ते पत्र तिथे आहे म्हटलं की शाळेत जायला बरं वाटायचं. वाटलं तर आज जाऊ शकते, तर मग आजचा दिवस करू. असं करत करत."

"म्हणजे तुला सोडायचंच नाही."

"सोडायचंय हो. पण एप्रिलमध्ये नाही. एप्रिलमध्ये मुलंच वर्ग सोडून जातात, बाई गेली काय नि राहिली काय. आणि जूनमध्ये नव्या बाईच्या पुढ्यात तीस मुलं, त्यातली वीस रडणारी. मला जायचंय ते शेवटचं मूल रडायचं थांबेल त्या दिवशी."

निवृत्तीचा असा मुहूर्त मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेत गेले आणि चूक माझी असल्याचे सांगितले.

राजनंदिनी मॅडम पस्तिशीच्या. त्यांनी शांतपणे ऐकले. "प्रेमलाबाई, मला तारीख द्या, प्रसंग नको. तुमच्या जागी घेतलेली नवी शिक्षिका, अपेक्षा, जूनमध्ये रुजू होतेय. एका वर्गात दोन बाई किती दिवस ठेवू?"

"जुलै संपेपर्यंत. त्याआधी रडणं थांबलं तर त्याच दिवशी जाते."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर एकतीसला जाईन. रडणारं मूल मागे ठेवून." छत्तीस वर्षांत तिने असे एकही मूल कोणाच्या हवाली केले नव्हते.

मॅडम कबूल झाल्या.

शाळा सुरू झाल्यावर मी रोज रडणाऱ्या मुलांचा आकडा विचारून वहीत लिहू लागले. १६ जून, एकोणीस. २३ जून, अकरा. १ जुलै, चार. ४ जुलै, एक. आणि आकडा तिथेच अडला. ती एक म्हणजे मिसबा, साडेतीन वर्षांची. तिला तिचे आजोबा स्कूटरवरून आणून सोडतात. प्रेमला रोज तिला उचलून घ्यायची आणि रोज मला सांगायची, "अजून एक आहे." सांगताना चेहऱ्यावर काळजी असायची आणि थोडे समाधानही. हे मी लिहून ठेवले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

गुरुवारी, दहा जुलैला, ती तणतणत आली. "ती अपेक्षा, तेवीस वर्षांची पोर, मला म्हणते, 'बाई, रागावू नका हं, पण मिसबा गेटपासून वर्गाच्या दारापर्यंत गप्प असते. तुम्ही दिसलात की सुरू करते.'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वर्गात येऊन महिना नाही झाला, नि मला शिकवतेस?"

"पण खरं आहे का ते?"

ती बराच वेळ बोटांनी पदराचा काठ सरळ करत बसली. "ती रडते म्हणून मी उचलते. का मी उचलते म्हणून रडते? हे मी बघितलंच नाही, काकू."

"मग उद्या बघ."

शुक्रवारी ती वर्गात गेलीच नाही. सतरंज्या ठेवतात त्या खोलीत, दार किलकिले करून बसली. पुढचे मी तिला खोदून खोदून विचारले. मिसबा आली, पिशवी खुंटीला लावली, प्रेमलाच्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. खालचा ओठ बाहेर आला. अपेक्षाने तिला उचलले नाही. समोर मण्यांचे डबडे ठेवून स्वतः ओवायला बसली. थोड्या वेळाने मिसबाही बसली. ओठ हळूहळू आत गेला.

प्रेमला साडेनऊपर्यंत तिथेच बसली. मग मागच्या दाराने ऑफिसात गेली आणि म्हणाली, "मॅडम, आज."

"वर्गात जाऊन निरोप नाही घेतलास?" मी विचारले.

"घेतला असता तर पुन्हा एक झालं असतं."

"आणि खोलीत बसून कसं वाटत होतं?"

"सतरंज्यांना कुबट वास येतोय. उन्हात घालायला हव्यात." मग तिलाच हसू आले. "ते आता अपेक्षा बघेल."

तिने डोळे पुसले की चष्मा, ते मला नीट दिसले नाही, म्हणून लिहिलेले नाही. त्या संध्याकाळी वहीत आकडा लिहिला, शून्य. त्याखाली: गहू तीन किलो दळून आणले. पीठ जरा जाडसर आले आहे.