भुजंगप्रयातातला बिबट्या

समुद्रावर कविता लिहिली तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. डिंभ्याचं धरण पाहिलं होतं. त्यातच मनातल्या मनात मीठ घातलं, झालं!

खरी अडचण वृत्ताची होती. दुसऱ्या दिवशी मंचरला कविसंमेलन. मागच्या वर्षी अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मला मध्येच थांबवून "आधी वृत्त शिका" असं सुनावलं होतं. यंदा पुन्हा थांबवलं तर लिहिणंच सोडायचं, असं मी घरात जाहीर केलं. (बायकोनं लगेच देवापुढं दिवा लावला. कशासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही.)

म्हणून भुजंगप्रयात निवडलं. एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा. पण बोटांवर मोजताना जीव थाऱ्यावर राहीना. बसलो, उठलो, अंगणात येरझाऱ्या घातल्या. शेवटी तेलाचा रिकामा डबा घेतला. लघूला टिचकी, गुरूला काठी!

"निळ्या सागराला किती थोर लाटा..." टिक-धाड-धाड! जमलं की! दुसरी ओळ, "किनाऱ्यास येती आणि..." इथं गाडी अडली; हवा होता लघू, आणि 'आ' पडला गुरू! पुन्हा बडवलं. पुन्हा अडली. मग मीही इरेला पेटलो.

आता आमच्या जुन्नर भागात उसाच्या कडेला कुणी जोरजोरात डबा बडवला की त्याचा अर्थ एकच. बिबट्या आला!

शेजारचे नाना कुऱ्हाड घेऊन धावत आले. "कुठंय रं?"

"थांबा नाना, अजून सापडत नाहीये!" मी तंद्रीतच.

"सापडंना? आरं, पोरं घरात घ्या!"

कुणीतरी फटाके लावले. नानांची गाय दावं तोडून खोडदच्या दिशेनं पसार! बायकोनं गच्चीवरून वनखात्याला फोन लावला. जीप आली. वनरक्षकानं विचारलं, "पाहिला कुणी?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"साहेब, मी... समुद्रावरची कविता तपासत होतो."

"अहो, आधी सांगायचं नाय का!" बायको वरूनच ओरडली. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"म्हणा बघू," साहेब म्हणाले. म्हटली! (एवढे श्रोते मला आयुष्यात मिळाले नव्हते; काठ्या-कुऱ्हाडी घेतलेले तर नाहीच.)

"लई झ्याक!" नाना म्हणाले. "आता माझी गाय हुडकून आन."

दुसऱ्या दिवशी मंचरला अध्यक्षांनी बरोबर 'आणि'पाशी हात वर करून मला थांबवलं. घरी येऊन मी वह्या बांधल्या, माळ्यावर टाकायला निघालो. नानांनी दारातच अडवलं.

"सोडू नको राव! तुझी कविता ऐकल्यापास्नं बिबट्या हिकडं फिरकला न्हाई!"