थांबा तात्यांची करवत

दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, मशीन किती जोरात कापते. बेंबळीच्या थांबा तात्यांनी मात्र पहिल्याच भेटीत उलटं विचारलं. "चालती कशी ते सगळेच सांगतेत, शेठ. बंद केल्यावर साखळी थांबायला किती येळ लागतो, ते दावा आधी."

धाराशिवात माझं शेती अवजारांचं दुकान आहे. फवारणी पंप, कडबाकुट्टी, आणि गेल्या काही वर्षांत पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. तात्यांचा धंदा झाडं पाडण्याचा. पंचवीस वर्षं त्यांनी थोरल्या भावाबरोबर दोन मुठींची करवत ओढली. एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला हे. भाऊ वारले आणि ते टोक धरायला कुणी उरलं नाही, म्हणून साठीच्या तोंडावर हा माणूस मशीन घ्यायला आला होता. झाडाला हात घालण्याआधी ते सगळ्यांना "थांबा" म्हणायचे आणि खोडाभोवती एकटेच फिरून यायचे. आख्ख्या गावानं त्यांना तेच नाव दिलं होतं.

रस्ता रुंद होणार होता आणि कडेच्या जुन्या चिंचा पाडायचं काम त्यांना मिळालं होतं. चिंचेचं लाकूड म्हणजे दगड. मी आपली सगळ्यात मोठी करवत पुढे केली; साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टीच तीस इंची. तात्यांनी ती उचलली, दुकानाबाहेर उन्हात गेले आणि दोन्ही हात पुढे करून तशीच धरून उभे राहिले. मी आत दोन गिऱ्हाइकं केली तरी ते तिथंच. शेवटी दंड थरथरायला लागले तेव्हा आत आले.

"ही न्हाय. सकाळी सगळंच हलकं लागतंय. दिवस मावळताना जेवढी पेलती, तेवढीच घ्यावी."

"पण तात्या, एवढ्या जाड खोडाला लहान पट्टी कशी पुरणार?"

"दोन्ही अंगानं गेलं की पुरती. इंजिन दणकट पायजे, पट्टी न्हाय. लांब पट्टीचं टोक पलीकडं काय करतंय, ते आपल्याला कुठं दिसतंय?"

तीन दिवस येरझाऱ्या घालून त्यांनी दणकट इंजिनाची, बावीस इंची पट्टीची करवत नेली.

पहिली चिंच पाडली त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. तात्यांनी आधी कुऱ्हाडीनं मागचं झुडूप तोडून स्वतःला पळायची वाट केली. मग पडायच्या बाजूला खाच घेतली आणि मागून कापत आले; पण मधे चार बोटं लाकूड न कापता ठेवलं, दाराच्या बिजागरीसारखं. ठेकेदाराचा माणूस घाई करत होता. तात्यांनी मशीन बंद केली. "तीन पिढ्या उभं हाय हे. माझ्या घाईनं कशाला पडंल?" म्हणाले, आणि पाणी प्यायले. मग मागच्या फटीत पाचर ठोकली. झाड हळूहळू झुकलं आणि नेमकं दाखवलेल्या जागी आडवं झालं. तात्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे होते.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. त्याच उन्हाळ्यात भरत नावाचा त्यांच्याच गावचा एक शेतकरी दुकानात आला. अंगानं पैलवान. बांधावरच्या बाभळी काढायच्या होत्या आणि त्याला सगळ्यात मोठीच करवत हवी होती. तात्या कोपऱ्यात स्टुलावर बसून साखळीला कानस लावत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला ही देऊ नका, शेठ. आजून हात बसला न्हाय त्याचा." भरत हसला. मीही हसलो आणि तीस इंची करवत बांधून दिली.

पंधरा दिवसही झाले नसतील. बाभळीच्या दाटीत पट्टीचं टोक पलीकडच्या फांदीला लागलं, करवत उसळून मागे आली आणि भरतच्या मांडीत घुसली. तात्या दोन शेतं सोडून काम करत होते. ओरडा ऐकून ते धावले. डोक्याचा पटका सोडून त्यांनी मांडी करकचून आवळली आणि टेंपोत घालून भरतला दवाखान्यात आणलं. सगळी वाट ते जखमेवर हात दाबून बसले होते. पाय वाचला, गुडघा मात्र कायमचा ताठ झाला.

तिसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. मला वाटलं, चार माणसांत मला बोल लावतील. त्यांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "अर्धी चूक त्याची. अर्धी तुमची. आन् थोडी माझी बी हाय. म्या एकदाच बोललो. दुसऱ्यांदा बोलायला पायजे हुतं. चला."

"कुठं?"

"त्याच्या घरी."

मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. भरत खाटेवर पडून होता; माझ्याकडे बघून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "तात्या नको म्हनले हुते, ते खरं का?"

तात्या माझ्याकडे बघत नव्हते. खोटं बोललो असतो तर त्यांनी मला उघडं पाडलं नसतं, याची मला खात्री आहे.

"व्हय," मी म्हणालो. "माझं चुकलं."

ती आत गेली. चहा तसाच राहिला. परतताना तात्या म्हणाले, "बरं झालं, घरात जाऊन बोललात. न्हायतर जिंदगीभर त्यांच्या दारावरनं मान खाली घालून जावं लागलं असतं." त्यानंतर मी करवत मागायला आलेल्या माणसाला आधी कुठली झाडं, किती सवय, ते विचारतो. चार गिऱ्हाइकं परत पाठवतो. लोक मला हेकट म्हणतात.

दोन-तीन वर्षांनी तात्यांचं येणं कमी झालं. मग एका थंडीत ते आले ते शर्ट उघडाच ठेवून, वर शाल गुंडाळून. बोटं पांढरी पडली होती. मशीनच्या सततच्या थरथरीनं बोटांतलं रक्त फिरेनासं झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधीपासून, मी विचारलं. "लई दिस झालं. सुई टोचली तरी कळत न्हाय." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आन् बगा, डॉक्टरनं तपासायला बटणं काढली. लावायची कुणी? बसस्टँडवर कुणाला म्हणू?"

मी गल्ल्यावरून उठलो. त्यांनी लहान मुलासारखी हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. मी खालून वर एकेक बटण लावत गेलो. गळ्याशी पोचलो तेव्हा त्यांचा श्वास माझ्या हातावर लागत होता.

बेंबळीची गाडी लागली होती. ते गेले. शिमग्याच्या आसपास कुणीतरी सहज सांगितलं, तात्या वारले, आठवडा झाला.