नसलेल्या जमिनीतलं पाणी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला भोंदूंच्या रांगेत बसवायला नको. आमचं घर बौद्ध. हॉलच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि वडील असे कडक की लहानपणी एकदा मांजर आडवं गेलं म्हणून मी थांबलो, तर त्यांनी मला त्याच रस्त्यावरून तीनदा चालवलं होतं. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. नवऱ्याला सावली दिसली म्हणे... अहो, चष्मा बदला! पण हे एक प्रकरण असं आहे की त्यातली चूक मला पंधरा वर्षांत सापडलेली नाही. तुम्हीच बघा.

साल २००९. पाटसला हायवेच्या कडेला सहा गाळ्यांचं एक छोटं कॉम्प्लेक्स होतं, त्यातला तिसरा गाळा माझा. डीटीपी, झेरॉक्स, इंटरनेट. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकात मी पोटाला चिमटा काढून भारी ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक फिरकायचं नाही, आणि लाइट असली तर त्या वेळात मी गेम खेळायचो.

गेमचं नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. आम्ही त्याला ‘उजाड’ म्हणायचो. अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झालंय, आपण एकटे जिवंत, आणि मैलोन् मैल करपलेल्या माळावरून अन्नपाणी शोधत फिरायचं. पाणी सगळं दूषित. प्यायलं तर तहान भागते, पण तब्येत उतरते. मला वेड लागलं होतं त्या गेमचं.

इंटरनेटवरच्या एका फोरमवर आम्हा मराठी पोरांचा वेगळा धागा होता. गेमचं नवीन एक्सपान्शन आलं – म्हणजे जोडीला नवा प्रदेश, नव्या मोहिमा – की त्यावर मी लांबलचक मत लिहायचो. पहिल्या एक्सपान्शनवर लिहिलं होतं, ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जाहिरात बर्फाळ प्रदेशातल्या महायुद्धाची, आणि चार तासांत सगळं खतम.’ दुसऱ्यात आपल्या माणसाची ताकद इतकी वाढवून ठेवली की कुठल्या राक्षसाची भीतीच उरली नाही. त्यावर शिरूरचा अमोल माझ्याशी आठवडाभर भांडला. हा अमोल कंपनीत शिफ्टला होता आणि त्याला सगळंच आवडायचं. म्हणायचा, तुला गेम खेळायचा नसतो, पेपर तपासायचा असतो. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, पण रोज बोलल्याशिवाय करमायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात कॉम्प्लेक्सला दिवसपाळीचे वॉचमन म्हणून आप्पा आले. मूळ वडगाव रासाईचे, धनगर. वडिलांच्या काळात मेंढरं, आता भीमेच्या काठाला दोन एकर. साठीच्या पुढचे, अबोल. माझ्या गाळ्यात पंखा होता म्हणून दुपारी स्टूल घेऊन दारात बसायचे. नदीकाठची बागायत सोडून हा माणूस इथे खुर्च्या-कुलपं सांभाळत का बसलाय, ते मला शेजारच्या किराणावाल्याकडून कळलं. आप्पा म्हणजे नावाजलेला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो, मग तिथे बोअर घ्यायची. दौंड-शिरूरकडे आजही बोअरची गाडी येण्याआधी पाणाड्या येतो. पण दोन वर्षांपूर्वी आप्पांनी स्वतःच्या मुलीच्या सासरी, राहू गावात, जागा दाखवली आणि बोअर कोरडी गेली. नुसता फुफाटा. तेव्हापासून सासरच्यांनी मुलीला माहेरी पाठवणं बंद केलं आणि आप्पांनी नारळ हातात घेणं. गावात तोंड दाखवायला नको म्हणून इकडे नोकरी धरली.

मला हे ऐकून गंमत वाटली, खरं सांगतो. अंधश्रद्धेची जिरली, असं वाटलं.

आप्पा मागे बसून माझा गेम बघायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, ह्यो गडी सारखं घाण पाणी पितोय, कुणी हिरीचं बघत न्हाई का? मुलूख कुठला हा? मी म्हटलं, अमेरिका. तिकडं बी दुष्काळ हाय व्हय, म्हणाले. मग मी त्यांना नीट समजावलं, की हे सगळं खोटं आहे, पोरांनी कॉम्प्युटरवर काढलेलं. त्यावर ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले,

“जमीन खोटी आसंल. पर उतार कुनीतरी इचार करून दिलाय.”

माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी किराणावाल्याकडून नारळ आणला आणि म्हटलं, आप्पा, बघा की इथं लागतंय का. चेष्टाच होती, दुसरं काही नाही. ते उठून बाहेर गेले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण आठवड्यानं – बुधवार होता, पाटसचा रस्ता तापून नुसता वितळायला आला होता – तेच आत आले आणि नारळ कुठंय म्हणून विचारलं.

मग दुपारी दोन वाजता, भर उजेडात, मी आयुष्यातला सर्वांत विचित्र गेम खेळलो. आप्पा मॉनिटरसमोर उभे, तळहातावर नारळ, अंगठा बाहेर काढलेला. ते सांगतील तसा मी त्या माणसाला चालवत होतो. पळवायचं नाही, नांगरट केल्यागत तासातासानं, एकेका ओळीनं चालव. इकडून वर जा. आता खाली ये. पाऊण तास! एका जागी – उलटलेली बस आणि तीन वाळलेली झाडं यांच्या मधोमध – तो नारळ हलला. आधी डुगडुगला, मग सावकाश उभा राहिला. मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो, मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो, कारण चलाखी असली तर ती अंगठ्यानं ढकलण्यातच. अंगठा लागलेला नव्हता.

“सात परसावर हाय,” आप्पा म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी उंची. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, म्हातारा माणूस, उभं राहून दमला.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. गेम बनवणाऱ्यांनी खेळाडूंना नकाशे उघडून बघायचं एक टूल दिलेलं होतं. मी त्यात ती जागा उघडली आणि जमिनीखाली गेलो. खाली काही म्हणजे काहीच नव्हतं. अशा गेममध्ये जमीन म्हणजे वरचा पापुद्रा असतो, त्याखाली पोकळी. मी आप्पांना बोलावून ते दाखवलं. अगदी सरळ म्हणालो, आप्पा, पाणी सोडा, इथं खाली मातीसुद्धा नाही. आणि फोरमवर त्या जागेचा फोटो टाकला, लाल गोल करून – ‘आमच्या वॉचमनची भविष्यवाणी : इथे पाणी आहे.’ सगळे जाम हसले. अमोलनं लिहिलं, डेव्हलपरला कळवा, बोअरची गाडी पाठवतील.

आप्पा फक्त एवढंच म्हणाले, “म्हंजी हात खरंच गेला, हातातला गुन गेला.” आणि त्या महिन्याचा पगार घेऊन वडगावला निघून गेले.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. खोटं पाडलं ते बरंच केलं, असं स्वतःला सांगितलं. जुलैत गेमचा एक अपडेट आला, त्यानं माझे साठ तासांचे सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, खाऊन टाकले, आणि त्या चुकीवरचा अपडेट आला तेव्हा मी गेम पहिल्यापासून खेळून संपवलेला होता. वरातीमागून घोडं! त्या रागात मी आप्पांना विसरलो.

जानेवारीत तिसरं एक्सपान्शन आलं. ते शेवटचं, जुन्याच नकाशाचा काही भाग बदलून बनवलेलं. माझ्याकडे डाउनलोड व्हायला तीन दिवस लागणार होते. अमोलनं ते आधी लावलं आणि सकाळी अकरा वाजता मला फोन केला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकत होतो. म्हणाला, संदीप, तुझ्या आप्पांचं पाणी निघालं.

उलटलेली बस, तीन वाळलेली झाडं, आणि मधोमध आता एक लोखंडी झाकण. झाकण उघडून शिडीनं खाली उतरलं की युद्धाच्या आधीची बांधीव टाकी, काठोकाठ भरलेली, स्वच्छ. सगळ्या गेममधलं एकमेव पिण्याजोगं पाणी. कथाच त्याच्याभोवती होती. ते पाणी वर काढलं की आसपासचे लोक येऊन तिथे वस्ती करतात.

फोरमवर नुसता दंगा. माझा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवून पोरं तासन् तास घासत होती. एक म्हणाला, याचा कुणी नातेवाईक त्या कंपनीत आहे. दुसरा म्हणाला, जागा सुरुवातीपासून ठरलेली असणार, झाडं आणि उतार बघून जाणत्या माणसाला अंदाज येतो. हे मला पटण्यासारखं होतं. तिसरा म्हणाला, कंपनीनं तुझी पोस्ट वाचून तिथे टाकी बसवली. परदेशातली माणसं आमचा मराठी धागा वाचत बसतात म्हणे... तेही मानू एकवेळ. पण तीन दिवसांनी माझ्याकडे डाउनलोड झालं, तेव्हा मी टूल उघडून शिडीची खोली मोजली. गेममधला माणूस हात वर करून उभा केला आणि एकाखाली एक धरत गेलो. सात. सातवा माणूस पाण्यात घोट्यापर्यंत उभा. आणि सात परस हे आप्पा फक्त मला बोलले होते. मी ते कुठेच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटोंचे कलर प्रिंट काढले, गाळा बंद केला आणि मोटरसायकलवर वडगाव रासाई गाठलं. आप्पा उसाला पाणी देत होते. मी बांधावर बसून सगळं सांगितलं आणि चुकलो म्हणालो. त्यांनी प्रिंट लांब धरून पाहिले. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, सांगितलं होतं का नाही. पण ते भलतंच बोलले.

“राहूला नारळ उठलाच न्हवता, संदीप. म्या अंगठ्यानं उचलला.”

त्यांनी प्रिंट माझ्या हातात परत दिले.

“सगळं रान फिरलो, एका जागी हलला न्हाई. व्याही, जावई, भावकी, समदी मागं चालत व्हती. लेकीच्या सासरी न्हाई कसं म्हनायचं? म्हनलं, दाखवावी एक जागा, देव घालंल पानी.” ते खाली बसले. “लबाडी केली म्हनून हात गेला, आसंच धरून बसलो व्हतो मी.”

दोन वर्षांपासूनचं काय उरावर घेऊन हा माणूस माझ्या दारात येऊन बसायचा, ते मला तेव्हा कळलं. आणि त्याच्यावर मी वरून दगड ठेवला होता. मला स्वतःची लाज वाटली. विश्वास-बिश्वास राहू द्या, नुसती लाज.

राहूवाले तेव्हा दुसऱ्या बोअरच्या तयारीत होते, गाडी सांगून ठेवलेली. आप्पांनी हातपाय धुतले, टोपी घातली आणि म्हणाले, चल. मी त्यांना मागे बसवून राहूला नेलं. व्याही दारातच होते, त्यांनी या-बसा केलं पण चेहरा उतरलेला. आप्पांची मुलगी, सुरेखाताई, पाण्याचा तांब्या ठेवून लगेच आत गेल्या. आप्पांनी पाण्याला हात लावला नाही. आधी रान बघू म्हणाले. वरच्या अंगाचा माळ, तीन एकर. दीड तास फिरले. मी मागून चालत होतो, घरची सगळी चालत होती. नारळ तळहातावर तस्साच आडवा, मेल्यासारखा. फिरून झाल्यावर ते व्याह्यांसमोर उभे राहिले.

“इथं पानी न्हाई. गाडी माघारी पाठवा. आन् मागल्या बारीला बी न्हवतं. म्या खोटं दाखवलं.”

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. “तवाच का न्हाई सांगितलं, पाव्हनं?”

“तवा पोरीचा बाप म्हनून आलो व्हतो. आज पानाड्या म्हनून आलोय.”

मला वाटलं, आता इथे मारामारी होते. जावई पुढे सरकलाही. पण व्याह्यांनी त्या कोरड्या जुन्या बोअरकडे एकदा बघितलं, खिशातून फोन काढला आणि गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं. आप्पांना म्हणाले, चला, च्या घेऊ. दारात सुरेखाताई उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि हसतही होत्या.

परत येताना मी आप्पांना विचारलंच, की जी जमीन कुणी बनवलीच नव्हती, तिच्या खालचं तुम्हाला कसं कळलं? ते मागून म्हणाले, “मला काय ठावं? तू त्याला हळू चालीवलंस, म्हनून घावलं आसंल.” आणि पुढे वडगाव येईपर्यंत उसाच्या भावाबद्दल बोलत राहिले.

राहूवाल्यांनी पुढे त्या माळावर शेततळं केलं. आप्पा पुन्हा नारळ घेऊन फिरू लागले, पण आता दहांतल्या सहा ठिकाणी ‘न्हाई’ म्हणून परत यायचे, आणि लोक त्यांना त्यासाठीच बोलवायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

पाणाड्यांवर माझा आजही विश्वास नाही. राहूच्या माळावर खरंच पाणी नव्हतं का, हेसुद्धा मी सांगू शकत नाही, कारण तिथे पुन्हा कुणी खणलं नाही. त्या सात परसांचा हिशेब मी गेम बनवणाऱ्या दोघा-तिघांना विचारून पाहिला, सगळ्यांनी योगायोग म्हणून सोडून दिलं. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर मला जरूर सांगा, मी ऐकून घेईन आणि भांडेनही. मला स्वतःला एवढंच खात्रीनं माहीत आहे, की आम्ही राहूला गेलो त्या वर्षीच्या नागपंचमीला सुरेखाताई तीन वर्षांनी माहेरी आल्या, आणि आप्पांनी मला फोन करून जेवायला बोलावलं.