मागे बघणारीची सही

तळ्यावर वॉटर स्कीइंगची बोट चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'नाकासमोर' म्हणत. बावीस वर्षं त्याने माणसांना दोरीने पाण्यावरून ओढलं, आणि त्यातला एकही माणूस पाण्यावर नीट उभा राहिलेला त्याने कधी पाहिला नव्हता. चालकाने पुढे बघायचं, हा नियम. पुढून मासेमाराची होडी येते, ओंडका येतो, पोहायची हौस आलेला एखादा जावई येतो. मागे बघायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे त्याची बायको.

ती त्याच्या पाठीला पाठ करून बसायची, मांडीवर नारिंगी झेंडा. दोघांच्या मधल्या लोखंडी खांबाला दोरी बांधलेली. दर अर्ध्या मिनिटाला तो विचारायचा, "आहे का?" ती म्हणायची, "आहे." माणूस पडला की ती "पडला!" म्हणून झेंडा वर करायची, म्हणजे इतर बोटी लांब राहायच्या. मग तो बोट वळवायचा, डोकं कुठल्या बाजूला आहे ते ती सांगायची, आणि जवळ पोचण्याआधीच तो इंजिन बंद करायचा. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याला माणसं ओळखता येत नाहीत.

धक्क्यावरच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली होती. थोडक्यात निभावलेला प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी तिच्यात लिहायचा: काय झालं, चूक कोणाची, खाली दोघांच्या सह्या. एकतीस नोंदी होत्या. नऊ चुका त्याच्या स्वतःच्या. 'चालकाला शिंक आली, स्टिअरिंग सुटलं.' एका बँकवाल्याने काठावरच्या सासूला नमस्कार करायला दोन्ही हात सोडले, तेव्हा त्याने चूक सासूची असं लिहिलं होतं. बायकोने ते खोडायला लावलं. बायकोची चूक मात्र एकही नव्हती. वर्षभर तिची सही ओळ सोडून खाली घसरत होती. बोट हलते म्हणून, असं त्याने धरून चाललं होतं. सही खोलीत व्हायची आणि खोली हलत नव्हती, हा विचार त्याने केला नव्हता.

त्या दिवशी दोरीला दातांची डॉक्टर होती. तिसऱ्या फेरीत बायको म्हणाली, "पडली!" त्याने वेग कमी करून बोट वळवली. सूर्य बरोबर समोर, पाण्याची नुसती काच झालेली.

"कुठे?"

"डावीकडे. हात वर केलाय, बरी आहे."

तो थोडा उजवीकडून निघाला. दहा हातांवर त्या चकाकीत एक काळं डोकं होतं आणि ते ओरडत होतं. त्याने इंजिन बंद करायची मनगटाची लाल दोरी हिसकली. इंजिन मेलं, पण बोट आपल्या जोरावर सरकत गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळवे बोटीला टेकले आणि स्वतःला बाजूला ढकललं. डावीकडे त्यांची सुटलेली पिवळी स्की एक टोक वर करून निवांत तरंगत होती.

"मी मघापासून हात हलवतेय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखीही बरंच म्हणाल्या. सगळं रास्त होतं.

त्यांना काठावर सोडल्यावर दोघं खोलीत आली. त्याने वही काढली.

"तुला दिसत नाही," तो म्हणाला.

"धूसर दिसतं."

"मग कोणी पडलं ते कसं कळतं?"

"खांबाला दोन बोटं लावून बसते. माणूस असला की खांब थरथरतो. पडला की गप्प होतो."

बावीस वर्षांत त्याला इतकी हुशारीची गोष्ट सुचली नव्हती. त्याला कौतुक वाटलं.

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"त्यांनी बोटीत बसू नका म्हटलं असतं."

"मग बसायचं नाही!"

"घरी काय करू? बोटीत तुम्ही माझ्याशी बोलता. घरी आठवड्यात चार वाक्यं होतात, त्यातली दोन मिठाची."

त्याने लिहायला घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "सूर्य डोळ्यांवर आला. चूक चालकाची."

"एवढंच? पेन तर बराच वेळ चाललं."

त्याने वही आपल्याकडे ओढली.

"अहो, त्या बाईंचे हात कापले गेले असते. लिहिलंय ते वाचा."

त्याने वाचलं. "मागे बघणाऱ्या बाईला नजर नाही. तिने ते लपवलं. तिला बोटीत बसवू नये. चूक तिची. वर्षभर सही पाहून ओळखलं नाही, चूक चालकाचीही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिने झेंडा टेबलावर ठेवला आणि पेन मागितलं. जागा दाखवायला त्याला तिचं बोट धरून कागदावर टेकवावं लागलं. बत्तिसावी सही ओळीवर आली.

घरी जायला दगडी पायऱ्या चढाव्या लागत. तो नेहमीसारखा पुढे, ती मागे. चारपाच पायऱ्या चढल्यावर त्याने विचारलं, "आहे का?"

"आहे. पण पुढची पायरी कुठे आहे ते कळत नाही."

तो थांबला, त्याने मागे वळून बघितलं आणि दोन पायऱ्या खाली उतरून तिचा हात धरला.