पाडव्याची भरती

दोहातल्या एका इंग्रजी दैनिकात मी दर आठवड्याला प्रवासाचं पान लावत असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पानावर बहुतेक वेळा फ्रान्स असायचं, कारण वृत्तसंस्थांकडून फ्रान्सचा मजकूर भरपूर यायचा आणि फोटोही चांगले असायचे. लूव्र आणि ओर्सेची संग्रहालयं, व्हर्सायचा राजवाडा, लुआर नदीकाठचे महाल, आल्प्समधल्या हिमनद्या, अटलांटिकच्या किनाऱ्यावरची वाळूची प्रचंड टेकडी. यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. कामासाठी त्याची गरजही नव्हती. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी, हे तपासायचं, विशेषणं काढायची आणि मजकूर जागेत बसवायचा.

दोहाच्या बिन महमूद भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी एका खोलीत राहायचो. बायको नाशिकला होती. तिची एका मराठी शाळेत कायमची नोकरी होती, ती भूगोल शिकवायची. घरी माझे आईवडील होते आणि त्यांना सोडून येणं शक्य नव्हतं. वर्षातून एकदा मी महिनाभरासाठी जायचो. एरवी शुक्रवारी फोन. इथे शुक्रवार सुटीचा आणि तिथे शाळेचा, त्यामुळे ती शाळेतून आल्यावर, चहा टाकता टाकता बोलायची.

छापून आलेली पानं मी तिला पोस्टाने पाठवत असे. ती वाचायची आणि शेरे मारायची. एकदा मों-सें-मिशेलचं पान गेलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळ खडकाचं एक बेट आहे, वर जुना मठ, भोवती मैलोन्‌मैल राखाडी वाळू. भरती आली की वाळू नाहीशी होते आणि खडक पाण्यात उभा राहतो.

"अहो, हे जंजिऱ्यासारखं," ती फोनवर म्हणाली. "फक्त इथे समुद्र उठून निघून जातो आणि परत येतो."

"भरती घोड्याच्या वेगाने येते असं मूळ मजकुरात होतं. मी काढलं."

"का काढलं?"

"सगळ्यांच्या मजकुरात तोच घोडा असतो."

ती हसली. मग म्हणाली, "सोळा वर्षं मी भरती-ओहोटी शिकवतेय. फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, बाण काढते. गणपतीपुळ्याला पाण्यात पाय बुडवले, तेवढाच माझा अनुभव. नाशिकच्या पोरांना मी काय सांगणार?"

त्या बोलण्यातून फ्रान्सचं ठरलं. तारखा तिने काढल्या. दिवाळीची सुटी हवी होतीच, आणि लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. त्यातही सर्वात मोठी भरती अमावास्येच्या दिवशी येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे पाडवा नाहीतर भाऊबीज. वृत्तसंस्थेच्या फ्रेंच प्रतिनिधीला मी तिथल्या मोठ्या भरतीच्या तारखा विचारल्या. त्या कालनिर्णयाशी जुळत होत्या.

"पाडव्याला तिथेच ओवाळते तुम्हाला," ती म्हणाली. "लग्नानंतर किती पाडवे तुम्ही घरी होतात, आठवा."

माझी बहीण आईवडिलांकडे राहायला येणार होती. बायकोने मुंबईहून व्हिसा काढला, मी दोहातून. पॅरिसला आम्ही भेटणार होतो.

कतारमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला देश सोडायचा तर कफिलाची, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे आलेला असतो त्याची, परवानगी लागते. तिला खुरूज म्हणतात. आमच्या कचेरीत ती मिळवून देणारा मंदूब सुदानी होता, उंच आणि कधीही घाई नसलेला. सकाळी सांगितलं की दुपारी सही मिळायची, म्हणून सगळेजण ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवत. मीही ठेवलं. पण नोव्हेंबर होता. कफील ससाणे घेऊन शिकारीला गेले होते, कुठल्या तरी वाळवंटात, फोन लागत नव्हता. सहीचा दुसरा अधिकार त्यांच्या भावाला होता आणि ते उमऱ्याला, मक्केला गेले होते.

"इन्शाल्ला, उद्या," मंदूब म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.

जाहिरात विभागात वसईचा एक ख्रिस्ती सहकारी होता, माझ्याशी मराठीत बोलणारा तिथला एकटाच. तो दारात उभा राहून म्हणाला, "काय रे, ससाणा मोठा का तू? तू गेलास तर आईसाठी लुर्दच्या तीर्थाचं पाणी आण, एवढं सांगायला आलो होतो."

"लुर्द तिथून लांब आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला."

"तू पानावर सगळं शेजारी शेजारी छापतोस," तो म्हणाला. "मला वाटलं, जवळच असेल."

माझं विमान माझ्याशिवाय गेलं. बायको तोवर मुंबईला पोचली होती. मी तिच्या मामांच्या घरी फोन केला.

"मग मीही नाही जात," ती म्हणाली.

"तिकीट आहे, व्हिसा आहे. सुटी परत मिळणार नाही."

"एकटीने? मला फ्रेंचमधलं 'पाणी' सुद्धा सांगता येणार नाही."

"नकाशा वाचता येतो ना?"

तिने माझ्या कचेरीचा नंबर पुन्हा लिहून घेतला. मग म्हणाली, "सही झाली की लगेच निघा. मी तिथे असेन." आणि गेली.

पॅरिसहून ती रोज कचेरीत फोन करायची. टेलिफोनचं कार्ड विकत घेऊन बूथमधून बोलायची. मागून गाड्यांचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी आवाज बारीक होता. दुसऱ्या दिवशी ती लूव्रला जाऊन आली.

"तुमचं पान बरोबर आहे. पण पाय किती दुखतात ते त्यात कुठे लिहिलंय?"

"मोनालिसा?"

"गर्दी होती. मी जिन्यात बसले. तिथे वर एक पंखवाली बाई उभी आहे दगडाची. डोकं नाही, हात नाहीत, पण वारा लागतोय तिला, कपडे बघा कसे चिकटलेत. डबा तिच्यासमोर खाणार होते, एका माणसाने बोट हलवून नको सांगितलं."

ओर्से पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. तिथल्या प्रचंड घड्याळाच्या काचेमागे उभं राहिलं की आकड्यांच्या फटीतून नदी दिसते, हे मी छापलेलं होतं. आकडे आतून उलटे दिसतात, हे तिने सांगितलं. सेंत-शापेल या जुन्या चर्चमध्ये ती खालच्या बुटक्या दालनालाच देऊळ समजून परत निघाली होती. एका जपानी बाईने तिला हाताला धरून वळणाच्या जिन्याने वर नेलं. वर भिंती नव्हत्याच, सगळ्या रंगीत काचा. त्या दोघी बाकावर बसून माना वर करून बघत राहिल्या. आवाज आता बारीक नव्हता. फोनवर ती "आम्ही" म्हणाली, त्यात ती आणि ती जपानी बाई होती.

मी रोज मंदूबकडे जात होतो. पाडव्याच्या सकाळी त्याने मला पाहून हात वर केला. कफिलांचे भाऊ परत आले होते. सही झाली होती.

मी विमानांची चौकशी केली. त्याच संध्याकाळी निघालो तर भाऊबीजेच्या दुपारी पॅरिसला पोचत होतो. तिचं परतीचं विमान भाऊबीजेच्या रात्री होतं. ती ठरल्याप्रमाणे पाडव्याला दुपारी मों-सें-मिशेलहून निघाली असती, तर पुढची अख्खी दुपार आम्हाला मिळाली असती.

अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. वाऱ्याने तिचे शब्द तुटत होते.

"अहो, घोडा-बिडा काही नाही. आवाजच नाही आधी. लांबवर एक चकचकीत रेघ दिसते, कोणी वाळूवर तार ओढल्यासारखी. ती सरळ येत नाही. आधी ओढ्यांमधून आत घुसते, मागून येते. तुम्ही समोर बघत असता आणि पाणी तुमच्या पाठीशी. मी फळ्यावर सगळे बाण एकाच बाजूने काढत आले इतकी वर्षं!"

"ओवाळलंस कोणाला?"

"कोणाला ओवाळणार? निरांजन बॅगेत आहे. वारा केवढाय इथे." मग म्हणाली, "इथली खानावळवाली खुणा करून सांगते, उद्याची याहून मोठी. बेटावर येणाऱ्या रस्त्याच्या कडेपर्यंत येते. मी आज राहते. उद्या सकाळी बघून बसने निघते, तिथून गाडी, तिथून थेट विमानतळ. जमतंय, मी वेळापत्रक बघितलं."

मी तिला सहीचं सांगितलं. दुपारी पोचेन म्हणालो.

बूथमध्ये वारा ऐकू येत होता.

"उद्या दुपारी," ती म्हणाली. "म्हणजे मला आज निघायला हवं."

"हो."

"थांबले तर तुम्हाला विमानतळावरच भेटेन. तासभर."

"तेवढाच."

"तुम्ही सांगा. मी निघते. बॅग भरलेलीच आहे."

तिने ते सरळ म्हटलं होतं, रुसून नाही. मी म्हटलं असतं तर ती निघाली असती आणि पॅरिसमध्ये मला कुठल्याशा पुलावर उभी भेटली असती. ओवाळलंही असतं, एक दिवस उशिरा. आणि आम्ही दोघांनी त्या दुपारभर भरतीबद्दल बोलायचं टाळलं असतं.

"राहा तू," मी म्हणालो. "तासाभरासाठी येण्यात अर्थ नाही."

"नक्की?"

"नक्की. इथे कामही आहे."

ती पटकन "बरं" म्हणाली. ते किती पटकन आलं, ते मला ऐकू आलं.

मी मंदूबकडे गेलो आणि आता खुरूज नको म्हणून सांगितलं. त्याने कागद माझ्याकडे आणि मग खिडकीकडे धरला, जणू उजेडात त्यात काही दोष दिसेल.

"रोज येऊन माझं डोकं खाल्लंस," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "शेखच्या भावाला मी विमानतळावर जाऊन गाठलं. आणि आता खलास?"

"खलास. शुक्रन."

"बायको बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग?" त्याने कागद घडी करून खणात टाकला. "तुम्ही हिंदी लोक, वल्ला, मला कळत नाही."

भाऊबीजेला तिचा फोन पुन्हा त्याच वेळी आला. वारा पडला होता, प्रत्येक शब्द स्पष्ट येत होता. पाणी खरंच रस्त्याच्या कडेला लागलं होतं. खालच्या वाहनतळावरून लोक हसत, ओरडत गाड्या काढत होते. किनाऱ्यावरच्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्या आधीच वर गेल्या होत्या. त्यांना वेळ कुणी सांगितली, असं तिने खानावळवालीला खुणांनी विचारलं, तेव्हा ती बाई इतकी हसली की तिने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. पाणी चढताना राखाडी असतं, थांबतं तेव्हा हिरवं होतं आणि थोडा वेळ काहीच हलत नाही. तो थोडा वेळ तिला वर्गात कसा सांगायचा, हे कळत नव्हतं. फळ्यावर तो काढता येत नाही.

मी मध्ये मध्ये हं म्हणत होतो. बस वेळेवर आहे का, हे मला विचारायचं होतं. विमानतळावर कुठल्या दाराने जायचं, ते सांगायचं होतं. तिला दोन्ही माहीत होतं. मी तिथे असतो तर मला कुठे उभं केलं असतं, कुठल्या दगडावरून दाखवलं असतं, हे ती सांगेल असं मला वाटत होतं. ती खाली वाकून पाण्याला हात लावल्याचं सांगत होती, ते किती गार होतं ते सांगत होती, तेवढ्यात कार्ड संपलं.

मी रिसीव्हर थोडा वेळ कानाशी धरला, मग ठेवला. संपादकीय बैठकीला सगळे उठले होते. मी माझं पान घेऊन त्यांच्या मागे गेलो.