पाटावरचा बुटका पूल

माझ्या व्याह्यांइतका संशयास्पद माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी दोन वर्षं मनापासून मानत होतो. मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझं मत बदललं नाही. आज हे लिहिताना मान खाली जाते. तरी लिहितो, कारण त्यांच्याविषयी मी चार लोकांत बरंच वाईट बोललो आहे, आणि ते परत घ्यायचं तर तितक्याच उघडपणे घ्यायला हवं. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. राहायला श्रीरामपुरात. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी हयात काढली. निवृत्त झाल्यावर सगळं परत केलं, फक्त शिट्टी केली नाही. ती अजून त्यांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, ताईत असावा तशी असते. लग्नात आमची मुलगी बोहल्यावर यायला पाच मिनिटं उशीर झाला. गुरुजी थांबले, वाजंत्री थांबले, आणि व्याह्यांनी भर मांडवात शिट्टी मारली. मी पाहुण्यांपुढं हात जोडायला लागलो. मुलगी मात्र मुंडावळ्यांच्या आडून फिसकन हसली. ही दोघं त्या क्षणापासून एका पक्षात गेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा स्वतःचाही कशावर विश्वास नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग स्वतःच्या, आणि मग घरमालकाकडे, जणू त्यानंच काटे फिरवले असावेत. चहाचा कप हातात घेतला की एकदा आत डोकावतात. सायकलच्या दुकानातल्या हवेवर त्यांचा भरवसा नाही. स्वतःचा पंप घेऊन फिरतात, आणि पंप कोणी उचलेल म्हणून तो हॉटेलात मांडीवर घेऊन बसतात. सगळ्यात मोठा संशय मैलाच्या दगडांवर. "दगड सरकारी हाय, पाव्हणं. सरकारी दगडाला पगार थोडीच कापायची भीती?" असं म्हणून त्यांनी आपल्या काळ्या, उंच, जुनाट सायकलच्या आरीला लाल दोरा बांधला, आणि चाकाचे फेरे मोजत श्रीरामपूर ते बेलापूर पाटाकडेचा रस्ता नव्यानं मोजून काढला. कशासाठी, ते कोणालाच सांगितलं नाही. माझ्या संशयाची सुरुवात तिथून झाली.

आता माझी बाजू सांगतो. बाजू कसली, गुन्हाच. मी शाळेत कारकून आहे, आणि बेलापूरजवळ पाटाला लागून माझा थोडा ऊस आहे. पाटाचं पाणी अर्ज करून, पाळी लागली की घ्यायचं असतं. तेवढा धीर नसला की लोक पाटात पाइप सोडतात, तोंडानं हवा ओढतात, आणि पाणी आपसूक शेतात उतरतं. याला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. माझाही एक डोंगळा होता. पाटावरचा रस्ता ओलांडून तो माझ्या उसात शिरायचा आणि त्याच्यावर मी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरून ठेवायचो. शाळेत मुलांच्या दाखल्यावर "वर्तणूक चांगली" असं लिहिणारा हात शनिवारी संध्याकाळी पाचट पसरत असे.

आणि दर रविवारी, भर दुपारी, काळं कुत्रंही सावली सोडत नाही अशा वेळी, व्याही पाटावरून यायचे. अंगात जाड रेनकोट. एप्रिलात! खिशात वही. कानात वायर. मोकळ्या रस्त्यावर मध्येच कोणाला तरी वाट द्यावी तसे बाजूला व्हायचे. एका ठिकाणी उतरून सायकल हातात धरून चालायचे, मग पाण्याकडे बघत तीन मिनिटं उभे. एका बाभळीला मान लववून नमस्कार करायचे. आणि बरोबर माझ्या डोंगळ्यापाशी आले की घंटा वाजवून, हँडलवर छाती टेकेपर्यंत वाकायचे, चाकाखालच्या जमिनीकडे निरखून बघायचे, आणि पुढं जाऊन वहीत काहीतरी लिहायचे.

"त्यो पाटकऱ्याचा मानूस हाय," शेजारचे शेतकरी तात्या म्हणाले. पाटकरी म्हणजे पाण्यावर नजर ठेवणारा सरकारी माणूस. "रेनकोटात क्यामेरा आसनार. न्हाईतर या उनात कोन घालतंय?"

"अहो, ते व्याही आहेत आमचे."

"मग तर लईच वंगाळ. व्याह्याला घरातलं समदं ठावं आसतं."

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "लेकीचा सासरा आहे तो. पाणी चोरणं बंद करा, म्हणजे कोणाचं भ्यायला नको." असं सरळ बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, म्हणून मी तो विषय घरात काढणंच सोडलं.

पण नजर ठेवली. दर रविवारी जेवण झालं की उसात जाऊन बसायचो. ऑक्टोबर सरता सरता त्यांनी आपली वेळ एका तासानं पुढं ढकलली, मार्च सरता सरता पुन्हा अलीकडे आणली. मला वाटलं, मी लपतो हे यांना कळलं असावं. एका रविवारी ते अगदी जवळून गेले आणि मी त्यांचं बोलणं या कानांनी ऐकलं. वायरमध्ये हळू आवाजात म्हणत होते, "हां, आलो. इथंच हाय. हो हो, वाकतो, माझं ध्यान हाय." मी उसात आणखी खाली सरकलो. दुसऱ्या टोकाला कोणी साहेब बसला आहे आणि आमचे व्याही त्याला माझ्या डोंगळ्याची जागा कळवत आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मी रस्त्यात आडवा चर खणला, पाइप त्यात पुरला, वर भुसभुशीत माती लोटली आणि पाचट टाकलं. कोणाला पाडायचं माझ्या मनात नव्हतं. एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणावंसं वाटतं; पण माती दाबायला हवी हे मला समजत होतं आणि मी ती दाबली नाही, हेही खरं आहे.

रविवारी व्याही आले. घंटा वाजली. ते वाकले. पुढचं चाक मातीत रुतलं, सायकल उभीच्या उभी राहिली आणि व्याही रेनकोटासकट तिच्यावरून पलीकडे गेले. मग पाचटातून शिट्टी वाजली. पडल्या जागेवरून, आडवे असतानाच, ते शिट्टी मारत होते. मी उसातून धावलो. वायर तुटली होती आणि फोन गवतात पडून मोठ्यानं बोलत होता.

"पप्पा? पप्पा, काय झालं? बोला ना! पप्पा!"

तो माझ्या मुलीचा आवाज होता, थेट इंग्लंडातून, सासऱ्यांना हाक मारणारा.

मी फोन उचलला. तोंडाशी नेला. आणि एक शब्द न बोलता बंद केला. चर खणला त्याहून हे मला जास्त टोचतं.

दवाखान्यात कळलं की मनगट मोडलं आहे. डॉक्टरांनी कसं पडलात म्हणून विचारलं. व्याही म्हणाले, "पुलाखाली." "कोणत्या पुलाखाली?" "चार मैलावरचा. बुटका पूल हाय तो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तिथं पूल नाही. "वर मोकळं आभाळ आहे हो." डॉक्टरांनी लगेच त्यांच्या डोक्याचा फोटो काढायला सांगितला. व्याही मशीनमध्ये जाताना मशीनवाल्याला विचारत होते, "हिच्यात मानूस अडकला तर बाहेर काढायची सोय काय?"

तेवढ्या वेळात मी बाहेर बाकावर बसून त्यांची वही उघडली. ती मी गवतातून उचलून खिशात घातली होती. माझ्याविरुद्धचा अहवाल म्हणून. आत एस.टी.च्या फेरीचा तक्ता होता, त्यांच्या रेखीव अक्षरात.

"मैल शून्य: सूनबाईचं घर, इंग्लंड. सकाळी आठ. तिकडचं घड्याळ वर्षातून दोनदा हलवतात, विश्वास ठेवू नये. मैल एक: पाटाला लागणे. मैल दीड: बदकं रस्त्यावर, वाट द्यावी. मैल दोन: पाटाचं दार. उतरून चालणे. होडी जाईपर्यंत थांबा, तीन मिनिटं. मैल तीन: कुत्रेवाली आजी. नमस्कार. मैल चार: दगडी पूल, फार बुटका. घंटा. वाकणे. मैल पाच: मेंढ्या, कुंपण, सौम्य चढ, मग सौम्य उतार. ब्रेक नको. मैल सहा: चर्चसमोर बाकडं. चहापाणी." कडेला हवामानाचा रकाना. त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द: "पाऊस". आणि चौथ्या मैलापुढं, वेगळ्या शाईत: "इकडे या जागी पाव्हण्यांचा ऊस. यंदा छान आला आहे."

पुढच्या पानावर कारण होतं. जावई तिकडे दवाखान्यात नोकरीला, रविवारीही ड्यूटी. पहिल्या वर्षी मुलगी एकटी घरात बसून रडायची. व्याह्यांनी लिहिलं होतं: "तिला म्हटलं, सायकल घे. तू तिकडच्या पाटावरून सूट, मी इकडच्या पाटावरून सुटतो, मैलाला मैल मोजून. गाडीला जोडीदार असला की घाट जाणवत नाही." आणि खाली: "सूनबाई म्हणते, अण्णांना सांगू नका. त्यांना सायकल आवडत नाही."

अण्णा म्हणजे मी. अकरावीत तिला याच पाटावरून श्रीरामपूरला कॉलेजला सायकलनं जायचं होतं. मी नाही म्हणालो. पाटावर कोण कोण बसलेलं असतं, कोण काय बोलेल, सगळ्या गावावर संशय घेतला. ती हट्टाला पेटली तेव्हा मी सायकलच भंगारात दिली. तेव्हापासून ती माझ्याशी "बरं आहे ना? बरं" एवढंच बोलते. आणि दोन वर्षं दर रविवारी, कानातल्या वायरीतून का होईना, तीच मुलगी माझ्या उसाच्या पाच पावलांवरून जात होती, आणि मी आत लपून बसलो होतो.

व्याही प्लास्टर घालून बाहेर आले. मी वही परत दिली आणि सगळं सांगितलं. चर, माती, फोन. त्यांनी ऐकत ऐकत वहीची पानं तपासली, कोणतं फाटलंय का ते.

"डोंगळा तुमचा हाय हे मला दोन वर्षं ठावं हाय," ते म्हणाले. "वाकल्यावर तोंडासमोरच यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"मी ड्यूटीवर इंग्लंडात असायचो, पाव्हणं. तिथं तुमचा डोंगळा कुठून येनार?"

त्यांनी डाव्या हातानं शिट्टी सारखी केली, माझ्या पायांकडे बराच वेळ संशयानं बघितलं आणि विचारलं, "सायकल येती का अजून? रविवारची फेरी रद्द न्हाई करता यायची. पोरगी थांब्यावर उभी ऱ्हाती. बदली ड्रायव्हर लागंल."

मी डोंगळा काढला, चर भरला, माती पायानं दाबली, मग वरून दगडानं दाबली. रविवारी साडेबाराला त्यांची सायकल घेऊन निघालो. रेनकोट त्यांनी बळजबरीनं घालायला लावला. तिकडे पाऊस होता. बदकांना वाट दिली. बाभळीला नमस्कार केला, तेव्हा तात्या बांधावर उभे राहून माझ्याकडे जसे बघत होते, ते मी विसरणार नाही. कानात नुसता चाकांचा आवाज होता, लेकीच्या आणि माझ्या. असे तीन मैल गेले.

"त्या दिवशी फोन मी बंद केला होता," शेवटी मी म्हणालो.

"माहितीये. घाबरलात की तुम्ही नाकानं मोठ्यानं श्वास घेता." मग म्हणाली, "अण्णा, आता पूल येईल हं. घंटा वाजवा."

मी घंटा वाजवली. एका बाजूला माझा ऊस, एका बाजूला पाणी, वर मोकळं, पांढरं आभाळ. मी वाकलो. पूल केव्हाच मागं पडला असेल, तरी बराच वेळ वाकलेलाच राहिलो.