तेरावी गाठ

माझ्या नानांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरीही मला गोलंदाजी कुणी शिकवली असं कुणी विचारलं, तर मी नानांकडेच बोट दाखवीन. नाना म्हणजे माझे वडील. फैजपूरजवळ आमचा केळीचा मळा आहे, आणि नानांचा सगळा जन्म त्या मळ्यात गेला. जगातली कुठलीही गोष्ट ते केळीच्या मापानं मोजत. बस किती लांब उभी आहे, तर दहा झाडांवर. विहिरीला पाणी किती, तर दोन झाडं बुडतील एवढं. मला लहानपणी या मापाची लाज वाटायची. आता कुणाच्या तोंडी ते माप ऐकू आलं, तर मी वाट वाकडी करून त्याच्याशी बोलायला जाईन.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना माझी कॉलेजच्या संघात निवड झाली. तोवर मी रबरी नाहीतर टेनिसच्या चेंडूनं खेळलो होतो, गल्लीत आणि कापणी झालेल्या शेतात. तिथं खेळपट्टीची लांबी म्हणजे ज्याची बॅट असेल त्यानं टाकलेल्या ढांगा. खऱ्या, कातडी चेंडूनं खेळायची ही पहिलीच वेळ. डिसेंबरात धुळ्याला जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांची स्पर्धा होती, आणि तिथून विद्यापीठाचा संघ निवडणार होते. मला त्या संघात जायचं होतं. इतकं जायचं होतं, की जेवताना घास हातात राहायचा आणि मनगट आपोआप वळायचं.

आमचे खेळाचे सर धुळ्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, मैदानावर पाय ठेवला की अहिराणीवर यायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुना हात चांगला शे," ते म्हणाले, "पन टप्पा नई. महिनाभर एकच काम कर. एकाच जागावर चेंडू टाक." त्यांनी मला एक जुना चेंडू दिला, खेळपट्टीवर अंथरायची मॅट खोलीत टाकून कुलूप लावलं आणि ते गावी गेले.

मी घरी आलो तेव्हा नाना कांदेबागेच्या तयारीत होते. दिवाळीच्या सुमारास लावतात ती केळी म्हणजे कांदेबाग. जमीन तयार होती आणि लागवडीची दोरी बाहेर निघाली होती. ही दोरी नानांच्या जिवापाड प्रेमाची. दर पाच फुटांवर एक गाठ, आणि प्रत्येक गाठीत लाल चिंधी. दोरी ताणायची आणि गाठ येईल तिथं रोप लावायचं. नानांच्या ओळी इतक्या सरळ असायच्या, की एका टोकाला उभं राहिलं तर अख्ख्या ओळीत एकच झाड आहे असं वाटावं.

मी भीत भीतच विचारलं, गोलंदाजीच्या सरावाला बांधाकडेची जरा जागा मिळेल का. नाना म्हणाले, "किती पाहिजे तुले?"

"सहासष्ट फूट लांब. खऱ्या खेळपट्टीएवढी."

ते क्षणभर पुटपुटले. "तेरा गाठी आन् वर एक फूट."

लगेच दोरी ताणली. मी बांधाच्या एका टोकाला वीट पुरली, ती माझ्या बाजूची यष्टी. नाना विटेपासून निघाले. पहिल्या गाठीला हात लावून म्हणाले "एक", दुसरीला "दोन", आणि तेराव्या गाठीच्या पुढं फूटभर मोजून त्यांनी बाभळीचा खुंट ठोकला, ती समोरची यष्टी. खुंटाच्या मागं कडुनिंबाचं झाड होतं. त्याला गोणपाट लटकवलं, चेंडू अडवायला. ती बाजूची दोन ओळींची जागा त्यांनी लावायची सोडून दिली. शेजारच्या मळेवाल्यानं चेष्टा केली, "काय नाना, औंदा चेंडू लावला का?" नाना म्हणाले, "व्हय, पाहू कसा पिकतो."

मग महिनाभर रोज पहाटे आम्ही दोघं मळ्यात. नाना ती पट्टी पाणी मारून चोपून घ्यायचे, चुलीपुढची जमीन करावी तशी. टप्पा कुठं पडायला हवा हे मी त्यांना दाखवलं, तर त्यांनी तिथं केळीच्या पानाचा भाकरीएवढा तुकडा ठेवला. पान फाटलं की दुसरं. स्वतः ते खुंट आणि निंबाच्या मध्ये पाय पसरून बसायचे, चेंडू अडवून माझ्याकडे परत फेकायचे. थंडी अशी की बोटं वाकत नसत. चेंडू पानाच्या बाहेर पडला, की नाना न चुकता म्हणायचे, "वारा व्हता." केळीचं पानही हलत नसायचं, पण नानांच्या लेखी वारा असायचाच. पहिल्या आठवड्यात फार वारा सुटला. चौथ्या आठवड्यात मी सहापैकी चार चेंडू पानावर पाडत होतो, आणि फाटलेल्या पानांचा ढीग नाना निंबाखाली मुद्दाम साठवून ठेवत होते. त्या ढिगाकडे पाहून मला स्वतःबद्दल जे वाटायचं, ते पुन्हा आयुष्यात कधी वाटलं नाही.

धुळ्याच्या सामन्याला नाना आले. मी नको म्हणत होतो, पण ते आमच्याच एसटीत मागच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर वांग्याच्या भरिताचा डबा आणि पुऱ्यांचं गाठोडं. पारोळा येईपर्यंत अख्ख्या संघानं तो डबा फस्त केला. माझ्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचा काळा डाग होता. तो डाग जात नाही हे आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक, पण धुळ्याच्या त्या मैदानावर तो मला भलताच मोठा वाटायला लागला.

आमची पहिली गोलंदाजी. कप्तानानं दुसऱ्याच षटकात चेंडू माझ्याकडे दिला. मी धावत आलो, मनातल्या मनात पान मांडलं, आणि नेहमीसारखा चेंडू सोडला. हातातून सुटताना तो मला अगदी बरोबर वाटला. फलंदाज मागच्या पायावर गेला आणि त्यानं चेंडू सीमेबाहेर भिरकावला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. बाहेरून सरांचा आवाज आला, "अरे, बठ्ठा चेंडू आखूड पडी ऱ्हायनात!" सगळेच आखूड? मला कळेना. माझा हात तोच होता, धाव तीच होती. मी जोर लावून पुढं टाकायला गेलो, तर चेंडू टप्पाच न घेता फलंदाजाच्या कमरेशी गेला. समोरची यष्टी मला लांब लांब वाटायला लागली होती, पण ती खरंच लांब असेल हे डोक्यात आलं नाही. तीन षटकांनंतर कप्तानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चेंडू काढून घेतला. निवड करणारे तिघं मांडवात बसले होते. त्यांतला एकही माझ्याकडे पाहत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत मी मांडवामागं तोंड धूत होतो, तेव्हा हशा ऐकू आला. वळून पाहिलं तर नाना खेळपट्टीवर. टोपी, पायजमा, हातात चपला. मॅटवरून अनवाणी, पावलाला पाऊल लावत, खाली मान घालून ते एका यष्टीकडून दुसऱ्या यष्टीकडे चालले होते. ओठ हलत होते. पंच ओरडले, "ओ बाबा, तिथं काय करताय?" पोरं हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावत गेलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "नाना, लाज आणली तुम्ही! व्हा ना बाहेर!"

नाना थांबले. आणखी दोन पावलं राहिली होती. ती त्यांनी घाईनं टाकली आणि ते बाहेर गेले.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. जळगावात शिरताना त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "वारा व्हता आज." मी बॅग मांडीवर ओढून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच मळ्यात गेलो. चीड होती, कशावर ते ठरत नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दोरी टांगली होती, ती काढून मी विटेपासून खुंटापर्यंत ताणली आणि गाठींऐवजी गाठींमधलं अंतर मोजलं. ते बारा भरलं. नानांनी विटेशी असलेल्या गाठीलाच "एक" म्हटलं होतं. त्यांच्या हिशोबात एक झाड म्हणजे पाच फूट, मग तेरा झाडं म्हणजे पासष्ट. लागवडीत ते चालतं. पण पहिल्या गाठीपासून तेराव्या गाठीपर्यंत अंतरं बाराच असतात. माझी खेळपट्टी पाच फूट आखूड होती. महिनाभर मी चुकीच्या जागी पान फाडत होतो.

मी दोरी होती तशी टांगून ठेवली. ठरवलं, नानांना हे सांगायचं नाही. खुंट सरकवला तर त्यांना कळेल, म्हणून तोही सरकवायचा नाही. त्यांना आपली चूक कळली तर ते खचतील, असं मी मनाशी म्हटलं. पुढं कित्येक वर्षं मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा, की मी बापाला सांभाळून घेतलं. खरं सांगायचं तर तो राग होता. मी रागाला दया म्हणत होतो. मी परत त्या पट्टीवर पाय ठेवला नाही. अभ्यास आहे म्हणालो, खांदा दुखतो म्हणालो. परीक्षा झाली, नाशिकला कारखान्यात नोकरी लागली आणि चेंडू सुटला तो सुटलाच.

दर दिवाळीला घरी जायचो. पहिल्या रात्री जेवणं झाली, की नाना सुपारी कातरत विचारायचे, "सकाळी येतं का मळ्यात?" मी म्हणायचो, "उद्या नको, परवा बघू." परवा मी परतीच्या बसमध्ये असायचो. मला वाटायचं, ते केळी दाखवायला बोलावताहेत.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. या दिवाळीला कांदेबाग लावायची ती माझ्या माथ्यावर आली, म्हणून मी सुट्टी काढून गेलो. आमचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर मळ्यात राबणारा गडी, आता म्हातारा झालाय, नानांच्याच वयाचा. ठिबकच्या नळ्या किती लागतील ते पाहायला आम्ही टेप घेऊन फिरत होतो. बांधाशी आलो तर त्या दोन ओळींची जागा मोकळीच. चोपलेली, तण नसलेली. वीट जागेवर होती. खुंटही होता, फक्त निंबाला अगदी टेकून. त्या दोघांच्या मध्ये नाना पाय पसरून बसायचे, आणि आता तिथं मांडी घालायलासुद्धा जागा नव्हती.

मी टेप विटेला लावला आणि खुंटापर्यंत नेला. सहासष्ट फूट. परत मोजलं. सहासष्ट.

सालदार माझ्याकडे पाहत उभा होता. म्हणाला, "नानांनीच सरकवला तो. तुमी धुळ्याहून आले न, त्याच्या तिसऱ्या दिवशी. तुमी कालेजात गेले अन् इकडी ते दोरी घेऊन आले. म्हने, माही गाठ चुकली, पोराचं नुकसान झालं."

"मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हटलं ना, सांगा त्याले. तर म्हने नको. चेंडू टाकाले आला म्हंजे त्याच्या हाताले आपोआप कळीन. मंग दर दिवाळीले, तुमी येनार म्हटलं, का आदल्या दिवशी पट्टी चोपून घेत. अन् पान ठेवून येत."

मी विटेजवळ बसलो. धुळ्याच्या त्या मॅटवर नाना पावलाला पाऊल लावून काय मोजत होते, ते मला तेव्हा कळलं. शेवटची दोन पावलं त्यांनी माझ्या ओरडण्याखाली टाकली होती, आणि तरी मोजणी पुरी केली होती. बसमध्ये "वारा व्हता" म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्यापासून लपवत राहिलो आणि ते माझी वाट पाहत राहिले, एकाच मळ्यातल्या एकाच चुकीसाठी. नाना, मी एकदा जरी आलो असतो तर! मला विद्यापीठाचा संघ नको, निवड नको. मला ती एक थंड सकाळ पाहिजे, तुम्ही निंबाखाली बसलेले पाहिजेत, आणि मी नुसतं येऊन उभं राहायला पाहिजे होतं.

सालदारानं विचारलं, "भाऊ, औंदा या दोन ओळी लावून टाकायच्या का?"

मी नाही म्हणालो. मोटारीच्या खोलीत दोरीशेजारच्या खुंटीवर एका फडक्यात तो जुना चेंडू होता, तेल लावून ठेवलेला. मी जवळच्या केळीचं पान तोडलं, भाकरीएवढा तुकडा केला, सरकवलेल्या खुंटापासून टप्प्याची जागा हेरली आणि तिथं ठेवला. मागं जाऊन, सुटलेलं पोट सांभाळत, धावत आलो आणि चेंडू टाकला.

पानाच्या हातभर अलीकडे पडला. मी कान देऊन थोडा वेळ तसाच उभा राहिलो. केळीचं एकही पान हलत नव्हतं, आणि वारा होता असं म्हणणारं कुणी नव्हतं.